वहिनींकडे राहून आलेल्या वस्तू

२ जानेवारी

चकाचकने ही डायरी दिली. चकाचक म्हणजे आमच्या दुकानात माल आणून देणारा एजंट. चमचा दाखवो नाहीतर चटई, "एकदम चकाचक, वहिनी!" याखेरीज त्याला दुसरं काही सुचत नाही. डायरीबरोबर एक पेनही दिलं. फुकटचं असलं तरी नियम तो नियम, म्हणून दोन्ही वापरून बघायला आजपासून लिहिते आहे.

नियम सासऱ्यांचा. स्वयंपाकघरातली किंवा घरातली कुठलीही वस्तू विकायला मांडायची, तर आधी ती आठवडाभर आमच्या घरात वापरायची. पूर्वी सासूबाई वापरून बघायच्या, त्यांच्या मागे मी. त्यामुळे गिऱ्हाईक भाव विचारायच्या आधी विचारतं, "वहिनींकडे राहून आलंय का?" हो म्हटलं की विषय संपला. माझ्याहून मोठी माणसंसुद्धा मला वहिनीच म्हणतात. मोठ्या बाजारात याच वस्तू चार दुकानांत मिळतात, तरी लोक आमच्याकडे येतात ते या एका वाक्यासाठी.

डायरीबद्दल: कागद गुळगुळीत, बांधणी बरी. पेन कंजूष. ओळ सुरू करताना अक्षर ठीक येतं आणि शेवटी शेवटी मुंगीएवढं होतं. आठवडा संपल्यावर काय ते ठरवू.

५ जानेवारी

भावजींनी नोकरी सोडली. आधी विचारलं नाही, सोडून आले आणि मग सांगितलं. भावजी म्हणजे यांचे धाकटे भाऊ. पुढे दुकान, मागे आम्ही दोघं आणि वरच्या मजल्यावर भावजी आणि धाकटी, असं आमचं घर. धाकटी म्हणजे माझी जाऊ. लग्न होऊन आली तेव्हा सगळे तिला धाकटी म्हणायला लागले, आता केस पिकायला आले तरी ती धाकटीच.

तळ्याकडचा रस्ता चांगला झाल्यापासून सुटीच्या दिवशी काठावर गळ टाकून बसणाऱ्यांची रांग लागते. भावजींच्या मनात दुकानाचा एक कोपरा मासेमारीच्या सामानाचा करायचं आहे. गळ, दोऱ्या, काठ्या, दोरी गुंडाळायच्या फिरक्या, घडीचं स्टूल, मासे साफ करायची हत्यारं. हे तर खूशच झाले. बायको तीनदा हाक मारते ती यांना ऐकू येत नाही, पण पाण्यावरचा तरंगता गोळा तिकडच्या काठाला हलला तरी दिसतो.

मी हो म्हटलं. पण पक्की नोकरी सोडून या वयात नवा डाव मांडायचा म्हणजे गंमत नाही. शिवाय धाकटीची आई त्यांच्याकडेच असते, तिची औषधं चालू असतात.

"कोपरा करा," मी म्हटलं, "पण नियम गळालाही लागू."

"अर्थात, वहिनी. तुम्ही पास केलं तरच मांडायचं. माझा सगळा भरवसा त्याच्यावरच आहे."

१४ जानेवारी

पहिला माल आठवडाभर वापरला. निकाल लिहून ठेवते.

डबाबंद वस्तूंसाठी ओपनर: दात धरत नाही. दोन वेळा निसटला, तिसऱ्यांदा डबा ओट्यावरून खाली गेला. नापास.

बरणीचं झाकण फिरवायची रबरी पकड: रबर गुळगुळीत. नापास. गंमत म्हणजे आमच्या जुन्या बरण्या हल्ली अशाच हाताने पटकन उघडतात. जुन्या वस्तू वापरून वापरून सरळ होतात, हेच खरं.

खवले काढायचं हत्यार: मूठ जाड, हात लगेच भरून येतो. नापास.

गळाला दोरीची गाठ मारून देणारं चिमुकलं यंत्र. दुकानात सगळ्यांनी त्याचं नाव गाठयंत्र ठेवलं आहे. दोरी एका खाचेत घालायची, टोक दोन बोटांनी धरून फिरवायचं, ओढलं की गाठ तयार. निदान वेष्टनावरच्या चित्रात तरी तयार. माझ्याकडून दोरी खाचेत जाईना. गेली तर फिरेना. नापास.

भावजींना सांगितलं तेव्हा ते हसले, पण हसू ओठांवरच राहिलं. "चारही?" म्हणाले.

मला काय हौस आहे? पण बाई, एकदा खोटं सांगितलं की सासऱ्यांनी उभं केलेलं सगळं आडवं होईल.

२० जानेवारी

आज दूध करपलं. वरून धाकटी धावत खाली आली तेव्हा मला कळलं, आणि मी तर तिथेच बसून कात्री तपासत होते. सर्दीने नाक बंद झालं असेल. वाहत मात्र नाही.

सपाताही नापास. उजवी सारखी पायातून निसटते, फरशीवर खरडत चालावं लागतं. डाव्या पायातली ठीक आहे, म्हणजे जोडीतली एक मोठी कापली गेली असणार. चकाचकला दाखवली तर त्याने दोन्ही तळ एकमेकांना लावून बघितले आणि म्हणाला, "सारख्याच आहेत की, वहिनी." माझ्या पायाला कळतं ते त्याच्या डोळ्यांना कसं कळणार?

२८ जानेवारी

दुसरा मालही परत. कात्री, सोलाणं, फिरकी, घडीचं स्टूल. स्टूल उघडतं चांगलं, पण त्याच्यावरून उठताना दोनदा प्रयत्न करावा लागतो. म्हणजे उंची चुकली आहे.

माल परत चढवताना चकाचक पहिल्यांदाच चकाचक म्हणाला नाही. "वहिनी, कंपनी आता आपल्याला देईनाशी होईल," एवढंच म्हणाला. भावजी खोके उचलून देत होते. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

जेवताना मी यांना विचारलं, "मी फार कडक झाले आहे का हो?"

"तू आधीपासूनच कडक आहेस," हे म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "त्याच्यासाठी थोडं सैल सोडता आलं तर बघ."

सैल सोडायचं म्हणजे काय करायचं? निसटणाऱ्या ओपनरला निसटत नाही म्हणायचं? भावजींचा कोपरा अजून रिकामा आहे. भिंतीला नवा रंग मात्र देऊन झाला आहे.

६ फेब्रुवारी

आज जे झालं ते या घरात कधी झालं नव्हतं.

सकाळी कवायतीचे सर दुकानात आले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते रोज तळ्यावर असतात. मला बघून लांबूनच हात वर केला. "वहिनी, ते गाठ मारायचं यंत्र काय झकास आहे! चष्मा नसतानाही गाठ बसते. तुमच्याकडे राहून आलंय म्हटल्यावर मी डोळे झाकून घेतलं." मग जवळ येऊन निरखून म्हणाले, "रागावलात का काही? चेहरा असा का?"

तेव्हा मी रागावलेली नव्हते. चेहऱ्याचं त्यांनाच काय दिसलं कोण जाणे. राग आला तो पुढच्या क्षणाला, कारण गाठयंत्र मी नापास केलं होतं.

सर जाईपर्यंत थांबले, मग भावजींना म्हटलं, "मी नाकारलेली वस्तू माझ्या नावावर विकलीत?"

"एकच विकलं, वहिनी. सर मागेच लागले होते. आणि चालतंय ना? आता स्वतः सांगून गेले."

"चालतंय की नाही हा प्रश्नच नाही."

"मग कुठला प्रश्न आहे?" त्यांचा आवाज चढला. इतक्या वर्षांत माझ्यापुढे कधी चढला नव्हता. "डबे उघडत नाहीत, कात्र्या कापत नाहीत, गाठी बसत नाहीत. सगळीकडे चालणारी वस्तू आपल्याच घरात येऊन कशी बिघडते?"

"नीट निवडून आणली असती तर नसती बिघडली."

"मी आणली म्हणून बिघडते. तसं सरळ सांगा ना! दुकान तुमचं दोघांचं, मी आपला वरच्या मजल्यावरचा."

हे गल्ल्यावर बसून होते. भावजी पायऱ्या चढून वर गेले आणि मी तशीच उभी राहिले. माझा उजवा हात मुठीत वळला होता, तो बऱ्याच वेळाने सुटला.

सर सौजन्याने म्हणाले असतील. किंवा त्यांना एखादा नग चांगला निघाला असेल. पण मला ते राहून राहून टोचतं आहे.

७ फेब्रुवारी

कुणी कुणाशी बोललं नाही.

१२ फेब्रुवारी

धाकटी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने मागच्या दारी आली. "ताई, तुमच्यापासून लपवून ठेवायचं नाही म्हणून सांगते. हे स्टँडजवळ एक गाळा बघून आलेत. मासेमारीचं सामान वेगळं लावायचं म्हणतात."

"आणि राहायचं?"

"तेही तिकडेच बघू म्हणतात." तिचे डोळे भरले. "तुम्ही एकदा बोला ना त्यांच्याशी."

मी काहीतरी म्हटलं, काय ते आठवत नाही. सासरे गेले तेव्हा भावजी शाळेत होते. त्यांच्या डब्याची, मोज्यांची, परीक्षेची काळजी मी केली. आता त्यांनी स्टँडवर गाळा घ्यायचा आणि मी गल्लीतून जाताना गिऱ्हाइकासारखं बघायचं.

ब्लाउजचे हुक लावायला आज इतका वेळ लागला की हे दारातून विचारायला लागले. शिंप्याने फासे घट्ट केलेत.

१५ फेब्रुवारी

देव पावला म्हणायचा. भावजींनी मागवलेल्या सामानातली एक वस्तू अजून तपासायची राहिली होती. आमिषाचा डबा. गळाला लावायची गांडुळं, माशांची आतडी, असलं सगळं घाण वासाचं ठेवायला. दोन झाकणं, मध्ये रबराची कड, आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की घरात ठेवला तरी वास येणार नाही. माणसं हा डबा गाडीतून, घरातून नेणार, म्हणजे सगळा जीव त्या वासाच्या हमीवरच.

हा जर पास झाला तर मी स्वतः वर जाऊन सांगणार आहे. मनापासून वाटतं आहे की व्हावा. पण लबाडी करणार नाही. यांना सांगून तळ्यावरची खरीखुरी घाण भरून आणली आणि डबा ओट्याखाली ठेवला. बाहेर अंगणात ठेवला असता तर ती परीक्षा कसली? स्वयंपाकघरातच ठेवायला पाहिजे.

१८ फेब्रुवारी

रोज सकाळी झाकणाला नाक लावून बघते. अजिबात वास नाही! आज वरचं झाकण काढूनही बघितलं. तरी नाही. आतून कसलं तरी औषध लावलेलं असणार. काय एकेक शोध लावतात माणसं.

पण घरातलं वातावरण फार वाईट झालं आहे. हे आता दुकानातच ताट मागवून जेवतात. उकडतंय म्हणतात आणि सगळ्या खिडक्या उघड्या टाकतात. बाहेर गार वारा आहे. शेजारीण चहाला आली आणि कप अर्धा टाकून गेली. तिलाही भांडणाचं कळलेलं दिसतं. धाकटीने जिन्यावरूनच विचारलं, "ताई, मोरी तुंबली आहे का हो?"

मी म्हटलं, "माझी मोरी स्वच्छ आहे."

म्हणजे आता माझ्या घरकामात खोड काढण्यापर्यंत मजल गेली. इतकं लागलं मला ते. एवढ्या मोठ्या घरात मी एकटी पडले आहे आणि ओट्याखालचा डबा तेवढा माझ्या बाजूने आहे.

२२ फेब्रुवारी

पास! डबा मीच घासूनपुसून लख्ख केला आणि जिना चढून वर गेले. मध्ये एकदा थांबावं लागलं. भावजी बॅगा बांधायला दोऱ्या कापत होते.

"हा मांडा," मी म्हटलं. "आठवडाभर माझ्या स्वयंपाकघरात होता. वास म्हणून नाही."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "खरंच, वहिनी?"

"मी कधी खोटं सांगितलंय?"

त्यांनी दोरी खाली ठेवली. डबा दोन्ही हातांत घेतला, झाकण उघडलं, मिटलं. "जास्तीचे मागवतो," म्हणाले. आवाज बदलला होता.

यांना सांगितलं तर म्हणाले, "बरं केलंस. भावासाठी एवढं केलंस, मी विसरणार नाही." मी म्हटलं, केलं कसलं, डबा चांगलाच आहे. त्यावर हे माझ्या खांद्यावर हात ठेवून दुकानात गेले. यांचं काही समजत नाही.

२६ फेब्रुवारी

डबे हातोहात गेले. कोपऱ्यात आता गर्दी असते. गाळ्याचं भावजी काही बोलत नाहीत आणि मी विचारत नाही. उगाच विचारून दृष्ट लागायची.

तरी मन स्वस्थ नाही. आज चहात साखर घालताना चमचा बशीवर वाजत होता. मीच वाजवत होते की काय, दोनदा बघितलं.

१ मार्च

सकाळी दुकान उघडायच्या आधीच शटरबाहेर माणसं उभी होती. हातात डबे. काहींनी पिशवीत गुंडाळलेले, एकाने काठीच्या टोकाला अडकवून आणलेला. कवायतीचे सर सगळ्यांच्या पुढे. त्यांनी डबा पायरीवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकले.

"वहिनी, रात्रभर गाडीत होता. नातसुनेने मला गाडीसकट बाहेर काढलं."

कुणीतरी म्हणालं, "आमच्या जिन्यात पोलिसांना बोलवायचं चाललं होतं." लोक हसले. मग दुसरं कुणीतरी हसता हसता म्हणालं, "वहिनींकडे राहून आला होता ना हा?" आणि हसणं थांबलं.

"अहो, पण वास येतोय कुठे?" मी म्हटलं. वाकून डबा उचलला, नाकाजवळ धरला. "कुठे येतोय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सगळ्यांच्या नाकाला रुमाल, पदर, हात, आणि मी डब्यात नाक खुपसून उभी. भावजींनी माझ्या हातातून डबा काढून घेतला. "चला, वहिनी, आत चला," इतकं हळू म्हणाले की मला रडूच आलं.

२ मार्च

धाकटी आली. दार लावून घेतलं, मला खुर्चीवर बसवलं. "ताई, डोळे मिटा."

"हे काय पोरखेळ?"

"मिटा हो. माझ्यासाठी."

तिने एकेक वस्तू नाकाशी धरली आणि मी ओळखायची. पहिली आली तेव्हा मी थांबले, वास येईल म्हणून थांबले. काहीच नाही. दुसरी. काहीच नाही. तिसऱ्याला डोळे चुरचुरले, तेव्हा मी मोठ्यांदा म्हटलं, "कांदा!" चौथी, पाचवी, पुन्हा काही नाही. डोळे उघडले तर समोर साबण, कॉफीची बाटली, फिनेल, आणि तो डबा होता. कांदा चिरलेला होता म्हणून कळला, डोळ्यांना.

"कधीपासून?" तिने विचारलं.

मला सांगता येईना. आठवायचं तर फुलांचा शेवटचा वास कधी घेतला तेही आठवेना.

मग ती खाली बसली आणि माझा उजवा हात हातात घेतला. "ताई, रागावू नका. बरण्यांची झाकणं मी सैल करून ठेवते. दिवाणखान्यातल्या कपाटाचं दारही. गेल्या पावसाळ्यापासून. तुम्ही दमता असं वाटायचं मला. यांनी सामान आणलं तेव्हाही वाटलं सांगावं, पण तुमच्याशी आणि तुमच्या हाताबद्दल कोण बोलणार?"

ती गेल्यावर मी ओपनर बाहेर काढला. चकाचक एक नमुना विसरून गेला होता. उजव्या हाताने निसटला. डाव्या हाताने लावला, उलटा, वेडावाकडा. डबा उघडला.

कितीतरी वेळ त्या उघडलेल्या डब्याकडे बघत बसले. भावजींना मी काय काय बोलले होते!

६ मार्च

डॉक्टरकडे हे बरोबर आले. माझी पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते.

डॉक्टर तरुण आहेत. अंगठा आणि बोट भराभर जुळवा म्हणाले. डाव्याचं जमलं. उजव्याचं सुरू झालं आणि मध्येच विसरल्यासारखं थांबलं. बोळातून चालून दाखवा म्हणाले. हे मागून बघत होते, म्हणाले, "अगं, तुझा उजवा हात हलतच नाही चालताना." मग डॉक्टरांनी कागद दिला, काहीही लिहा म्हणाले. मी लिहिलं, "वापरून पाहिल्याशिवाय कुठलीही वस्तू घेऊ नये." शेवटचे शब्द मलाच वाचता येईनात.

मी म्हटलं, "पेन तुमचंही कंजूष दिसतंय." डॉक्टर हसले नाहीत.

म्हणाले, वास जाणं, अक्षर बारीक होत जाणं, हे पुष्कळदा हात थरथरायच्या खूप आधी सुरू होतं. औषधांनी बरीच वर्षं चांगली जातात. पुढच्या तपासण्या सांगितल्या. आजाराचं नावही सांगितलं, ते आज इथे लिहिणार नाही.

घरी येताना रिक्षात हे एकदम म्हणाले, "मला वास येत होता गं त्या डब्याचा. मला वाटलं, तू मुद्दाम चालवून घेतेस. त्याने जाऊ नये म्हणून." आणि रस्त्याकडे तोंड फिरवलं. इतक्या वर्षांत मी यांना रडताना बघितलं नव्हतं. मला आजाराची भीती वाटायला पाहिजे होती, पण वाटली ती दुसरीच. आता माझ्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार, आणि कुणी का ठेवावा?

७ मार्च

स्टँडजवळच्या गाळ्यावर मीच गेले. भावजी फळ्या ठोकत होते. गाळा घेतलाच होता तर.

"तुमचा माल चांगला होता," मी म्हटलं. बसायलाही थांबले नाही, नाहीतर शब्द गेले असते. "ओपनर, कात्री, गाठयंत्र, सगळं. माझा हात गेला आहे, भावजी. आणि नाकही. मला माहीत नव्हतं. पण तुमच्यावर नाही ते आळ घेतले, ते मात्र मीच घेतले."

त्यांना धाकटीकडून अर्धंमुर्धं कळलं होतं. हातोडी तशीच हातात ठेवून ते खाली बघत होते. मग म्हणाले, "मी तुम्हाला चढ्या आवाजात बोललो. तुम्ही माझं आजारपण न सांगता ओळखायच्या, आणि मला तुमचं दिसलं नाही."

आम्ही दोघंही एका फळीवर बसलो. थोड्या वेळाने ते नेहमीच्या उत्साहाने म्हणाले, "एक करू. घरी परत लावू सगळं. धाकटी वापरून बघेल, तुम्ही शेजारी बसा. दुकानात आपण पूर्वीसारखंच सांगायचं, वहिनींकडे राहून आलंय. खोटं कुठे आहे? राहणार तर तुमच्याच घरात. बाकी कुणाला काही कळायची गरज नाही."

मला ते इतकं बरं वाटलं की लगेच हो म्हणून टाकलं. परत येताना उजवी चप्पल खरडत होती आणि रस्त्यातला प्रत्येक माणूस माझ्या पायांकडे बघतो आहे असं वाटत होतं.

१० मार्च

डबे परत घेऊन झाले. लोक चांगले आहेत, कुणी टोचून बोललं नाही. पण आज दिवसभर कुणी माझ्याबद्दल विचारलंही नाही. वस्तू उलटीसुलटी करून स्वतःच बघत होते.

धाकटीने ओपनर वापरला, कात्री वापरली. मी शेजारी बसले. दोन्ही उत्तम चालतात. तिचा हात चालताना बघून मला आनंद व्हायला पाहिजे होता.

१७ मार्च

दुपारी दुकानात बसले होते. भावजी कोपऱ्यात, हे गल्ल्यावर. समोरच्या सलूनचे काका आले. आमची परगावी गेलेली दोन्ही मुलं, हे, भावजी, सगळ्यांची डोकी त्यांच्याच हाताखालून गेलेली. म्हणाले, घरी आता एकटाच आहे, डबाबंद वस्तू खातो, ओपनर द्या. हातात घेऊन फिरवून बघितला आणि जरा अडखळून विचारलं, "वहिनींकडे राहून आलाय का?"

"हो, हो," भावजी लगेच म्हणाले. "आठवडाभर."

काकांनी हुश्श केलं आणि पिशवी उघडली. त्यांनी डब्याचं सगळं ऐकलेलं होतं, तरी विचारलं, आणि हो म्हटल्यावर तरी मानलं. मला बसवेना. दोनदा प्रयत्न करून उठले.

"थांबा, काका," मी म्हटलं. "माझ्याकडे राहिला, पण माझ्या हाताने उघडत नाही. मला आजार आहे, उजवा हात धरत नाही नीट. धाकटीच्या हाताने सरसर उघडतो. वस्तू चांगली आहे."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ती वळून बघायला लागली. भावजींचा चेहरा पडला. हे गल्ल्यावरून उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं, संपलं सगळं, आता इथून पुढे कुणी विचारणार नाही. पण तोंडातून पुढचा प्रश्न आपोआप निघाला.

"तुमचा हात कसा आहे?"

काकांनी पिशवी खाली ठेवली. दुकानातल्या बाकीच्यांकडे त्यांनी पाठ केली, काउंटरवर उजवा हात ठेवला आणि अंगठा वळवायचा प्रयत्न केला. अर्ध्यावर येऊन तो थांबला.

"सकाळी तर एवढाही वळत नाही, वहिनी," अगदी खालच्या आवाजात म्हणाले. "कुणाला बोललो नाही. वस्तरा धरायचा असतो ना."

"मग हा नका घेऊ," मी म्हटलं. "आपल्याला नाही चालायचा."